रिंगणाला दार ठेवू नका

मी ढोल बोलतोय, पण हळू बोलतोय. ढोलानं हळू बोलावं याचं तुम्हाला हसू येईल. माळावर मी वाजलो की पलीकडच्या वस्तीवरची कुत्री उठून बसायची, असा माझा लौकिक. तरी खरं सांगतो, माझ्याइतकं भित्रं वाद्य दुसरं नसेल. आत्ताही मी भ्यालेलो आहे. सोलापुरातल्या एका कॉलेजच्या सांस्कृतिक विभागात, कपाटाच्या वर, जुन्या बॅनरच्या गुंडाळ्यांमध्ये मी आडवा पडलोय. व्हरांड्यात कुणाची पावलं वाजली की माझं पान, म्हणजे तोंडावरचं कातडं, आपोआप थरथरतं.

भीती माझ्या अंगातच आहे. माझं खोड आंब्याचं, त्याला कशाचीच भीती नव्हती. पण दोन्ही तोंडांवर चढवलेलं कातडं बकरीचं आहे, आणि ती बकरी मंद्रूपच्या पलीकडच्या माळावर वाढलेली. तिथं दिवस कलला की गवतात लांडग्याचे डोळे चमकतात. बकरी गेली, कातडं कमावलं, ताणलं, शेकलं. भीती काही निघाली नाही.

ते कातडं काखेत मारून सिद्धाप्पा धनगर सोलापूरला रहिमतुल्ला चाचांच्या दुकानात आला होता. चाचा ढोल, ताशे, हलग्या मढवायचे. माझ्या दोऱ्या आवळून त्यांनी पहिली थाप मारली आणि खूश होऊन म्हणाले, "देख सिद्धाप्पा, बकरी तेरी, लेकिन आवाज मेरा!"

"आवाज तुजा कसला? बकरीचाच हाय की. लई वरडायची," सिद्धाप्पा म्हणाला.

दोघं हसले. मी मात्र त्या पहिल्या थापेनंच दचकलो होतो.

सिद्धाप्पानं मला कधी उघड्या जमिनीवर ठेवलं नाही. खाली घोंगडी असायचीच. बिरोबाच्या जत्रेत गजीचा नाच व्हायचा, तेव्हा तुराट्यांच्या जाळावर मला शेकायचे, भंडारा लावायचे. पांढरे कपडे, डोईला पटका, हातात रंगीत रुमाल घेतलेले गडी देवळापुढं गोल उभे राहायचे. पण सिद्धाप्पा लगेच थाप मारत नसे. शेवटचा गडी येऊन गोल पुरा बंद होईपर्यंत त्याचा हात वरच असायचा.

"रिंगण म्हंजे वाघर," तो सांगायचा. वाघर म्हणजे खुंट्यांना जाळी बांधून मेंढरांभोवती लावलेलं कुंपण. "वाघरीचं त्वांड उगडं ठिवून कुनी झोपतं व्हय? मंग उगडं ठिवून नाचायचं कसं?"

इतरांना ते म्हाताऱ्याचं खूळ वाटायचं. मला नाही. रिंगण बंद झालं, "बिरोबाच्या नावानं चांगभलं" झालं, की माझ्या कातड्यातली बकरी जरा शांत व्हायची. मग मी असा वाजायचो की बघत राहावं!

पुढं गडी कमी होत गेले. सिद्धाप्पाचा मुलगा कल्लप्पा टेम्पो चालवायला पुण्याला गेला. त्याच्यामागं आणखी गेले. एका जत्रेला इतके थोडे गडी उरले की रुमाल ताणून धरले तरी गोल पुरा होईना. सिद्धाप्पाचा हात वर होता तो तसाच खाली आला. घरी येऊन त्यानं मला खुंटीला टांगलं.

खुंटीवर काय भीती असते ते मी तिथं शिकलो. उंदीर दोरी कुरतडतो आणि ओरडता येत नाही. कोळी तोंडावर जाळं विणतो. लोक येतात, चहा पितात, "जुना हाय व्हय?" म्हणतात आणि जातात. आपण आता वाद्य उरलो नाही, वस्तू झालो, हे हळूहळू कळतं.

मला खाली काढलं ते कल्लप्पाच्या मुलीनं, शिवानीनं. ती सोलापुरात कॉलेजला होती. सुट्टीत आली आणि सरळ म्हणाली, "आज्जा, कॉलेजच्या स्पर्धेत आमी पोरी गजी करनार हाय. ढोल दे."

"पोरींचं काम न्हाय ते."

"मग पोरं बोलव की. कुटं हायत?"

सिद्धाप्पा उठून माझ्यापाशी आला. मग त्यानं माझ्यावरचं जाळं धोतराच्या सोग्यानं पुसलं. "न्हे," तो म्हणाला. "फकस्त रिंगण उगडं ठिवायचं न्हाय. येवडं एकच."

"न्हाय ठेवनार."

माझ्यासमोर दिलेला तो शब्द. त्या शब्दाच्या आधारावर मी एसटीत बसलो.

स्पर्धेच्या नियमाप्रमाणे साथीदारही विद्यार्थीच हवा, म्हणून सिद्धाप्पाला वाजवता येणार नव्हतं. शिवानीच्या वर्गात फिरदोस होती, रहिमतुल्ला चाचांची नात. तिनं माझ्यावर हात ठेवला आणि आतल्या शिवणीवरून बोट फिरवून ओरडली, "अगं, हे तर माझ्या दादांचं, आजोबांचं काम!" तिची थाप आधी कच्ची होती. सिद्धाप्पा दर रविवारी मंद्रूपहून येऊन तिला शिकवायचा. ती चुकली की म्हणायचा, "बकरीला चापट मारतीस व्हय गं? हाक मार तिला." महिन्याभरात ती हाक मारायला शिकली.

मग नियमांची ओळख झाली, आणि माझी झोप उडाली.

नावं नोंदवायच्या टेबलावर बसलेल्या गृहस्थांकडं चार खाने होते. शास्त्रीय, लोकनृत्य, पाश्चात्त्य, मुक्त. त्यांनी विचारलं, "गजी ना? पण तुम्ही मुली आहात. लोकनृत्यात पारंपरिक रूपच लागतं. मुक्तमध्ये टाकतो."

"मुलं लावणी करतात ती कुठल्या खान्यात टाकता सर?" शिवानीनं विचारलं.

"ती… लोकनृत्यात."

"मग आम्हालाही तिथंच टाका."

मागं रांगेत कुणी तरी टाळी वाजवली. गृहस्थांनी लोकनृत्यात नाव घातलं. मला वाटलं, सुटलो. पण खरा नियम पुढं होता. प्रेक्षकांकडं आणि परीक्षकांकडं पाठ दिसली की गुण कमी.

हा नियम कुणी केला असेल? त्यानं आयुष्यात एकदा तरी जत्रेत उभं राहून नाच पाहिला असेल का? जत्रेत लोक चारी बाजूंनी असतात. कुणाला पाठ दिसते, कुणाला तोंड, अशी तक्रार कधी कुणी केली नाही, कारण रिंगण फिरतं. आत्ता ज्याची पाठ दिसली, त्याचं तोंड पुढच्या वळणावर दिसणारच असतं. तेवढाही धीर नसेल तर नाच बघायला यावं कशाला?

कॉलेजनं नाच बसवायला कुमार सर आणले होते. त्यांनी पहिल्याच दिवशी रिंगण मधोमध कापलं. "अर्धचंद्र करा. तोंड पुढं मोकळं. दहाही चेहरे दिसले पाहिजेत."

"सर, गजीत गोल बंदच लागतो," शिवानी म्हणाली.

"तुम्ही मेंढरं वळताय की स्टेज करताय? पाठीला मार्क नसतात, बाळा."

पोरी हसल्या. शिवानी हसली नाही. त्यानंतर विभागप्रमुख मॅडमनी तिला बोलावून स्पष्ट सांगितलं. यंदा नंबर आला नाही तर पुढच्या वर्षीपासून लोकनृत्याचा संघ बंद, फक्त फ्यूजन. संघ बंद म्हणजे गजी बंद. गावात गडी नाहीत, इथं संघ नाही. मग मी पुन्हा खुंटीला.

शिवानीनं अर्धचंद्र कबूल केला. आज्जाला तिनं सांगितलं नाही. त्या रविवारी सिद्धाप्पा आला तेव्हा तिनं फक्त फिरदोसचा सराव करून घेतला आणि नाच दाखवायचं टाळलं. मी दोघांच्या मध्ये होतो. मला बोलता येत होतं, पण कुणी थाप मारली तरच. आणि थापेत असल्या गोष्टी सांगता येत नाहीत.

स्पर्धेच्या दिवशी हवा ओली होती. परतीच्या पावसानं दोन दिवस मुक्काम ठोकला होता. माझं पान सैल पडलं. नाट्यगृहात जाळ करायला बंदी, बाहेर ऊन नाही. फिरदोसनं माझ्यावर टिचकी मारली. आवाज ओल्या पोत्यासारखा आला. ती घाबरली, तिच्यापेक्षा मी घाबरलो.

"ड्रायर! केस वाळवायचा ड्रायर कुणाकडं आहे?" ती ओरडली.

आयुष्यात तुराट्यांचा जाळ सोसलेल्या मला त्या दिवशी गुलाबी रंगाच्या यंत्रानं शेकलं. त्याच्या भोंभों आवाजानं माझ्यातली बकरी आक्रसून गेली. पण पान ताणलं. आमचा नंबर पुकारला.

पडदा उघडला. पोरी अर्धचंद्रात उभ्या, मी फिरदोसच्या गळ्यात, मधोमध. समोर काहीच नव्हतं. म्हणजे जाळी नव्हती, गडी नव्हते. मोकळं तोंड, आणि त्यापलीकडं अंधाराचा माळ. त्या अंधारात डोळे चमकत होते. एक, दोन, मग कितीतरी. मोबाइल होते ते, नंतर कळलं. त्या वेळी मला कोण सांगणार?

फिरदोसनं थाप मारली. मी वाजलो, पण तो आवाज हाकेचा नव्हता. वाघरीत लांडगा शिरताना बकरी ओरडते तसा होता. पोरींच्या पावलांनाही तो कळला असावा. त्या पुढं सरकायच्या आणि मोकळ्या तोंडाशी येऊन अडखळायच्या.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून कुणी तरी उठलं. पटका, घोंगडी, हातात काठी. सिद्धाप्पा! तो चालत स्टेजच्या कडेपर्यंत आला आणि बरोबर त्या मोकळ्या जागेसमोर, आमच्याकडं पाठ करून, दोन्ही हात पसरून उभा राहिला. वाघरीची जाळी तुटली की धनगर तिथं स्वतः उभा राहतो, तसा. तोंड अंधाराकडं.

सभागृहात हशा पिकला. दोन स्वयंसेवक धावले. "आजोबा, बसा, मागच्यांना दिसत नाही."

"दार उगडं हाय," सिद्धाप्पा म्हणाला. "पोरी आत हायत."

"अहो, स्पर्धा चालू आहे!"

"आसंल की. पोरी आत हायत म्हनलं न्हवं?"

त्यांनी त्याचे दंड धरले. शिवानी टोकाला होती. तिनं आज्जाची ती पाठ पाहिली. नंबर, संघ, कुमार सर, मॅडम, सगळं तिच्या डोळ्यांसमोरून गेलं असणार, कारण एक पाऊल ती थांबली. मग तिनं रुमालाचा हात लांब केला, समोरच्या टोकाच्या मुलीकडं धावली आणि परीक्षकांकडं सरळ पाठ करून उभी राहिली. पोरी सरकल्या. गोल बंद झाला.

फिरदोसचा हात क्षणभर वर राहिला. सिद्धाप्पाचा राहायचा तसाच. मग तिनं हाक मारली.

काय सांगू! मढवल्यापासून पहिल्यांदा माझ्या कातड्यातली भीती निघून गेली. मोबाइलचे डोळे विझले की काय, मला दिसलेच नाहीत. मला फक्त फिरणारे चेहरे दिसत होते. हसणारे लोक गप्प झाले होते. सिद्धाप्पानं वळून पाहिलं, हात खाली घेतले आणि स्वयंसेवकांना म्हणाला, "चला, आता कुटं बसवायचं तितं बसवा."

निकाल तुम्ही ओळखलाच असेल. प्रेक्षकानं आणलेला अडथळा, पाठ दाखवणारी रचना. आमचा संघ स्पर्धेबाहेर. कुमार सर टॅक्सीत बसून निघून गेले. नाट्यगृहाच्या पायऱ्यांवर सिद्धाप्पा काठी धरून बसला होता.

"माज्यामुळं गेलं व्हय?"

"न्हाय आज्जा," शिवानी म्हणाली. "दार मीच उगडं ठेवलं हुतं."

त्यानं तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि दुसरा माझ्यावर. मग तो गावी गेला. "पोरी वाजवत्यात तंवर ऱ्हाऊ दे हितं," म्हणून मला कॉलेजातच सोडून गेला.

पण पोरी वाजवणार कुठं? संघाचं काय करायचं ते आज ठरणार आहे. शिवानी आणि फिरदोस पलीकडच्या खोलीत बैठकीला गेल्या आहेत. संघ ठेवा, स्पर्धेवाल्यांना नियम बदलायला सांगा, रिंगणाचा नाच रिंगणासारखा बघा, एवढंच त्यांचं म्हणणं. आणि मॅडमनी माझ्यासाठी एक काचेची पेटी सांगून ठेवली आहे. दाराजवळ, दिव्याखाली, "आपला वारसा" अशी पाटी लावून. सुताराचा माणूस सकाळी माझं माप घेऊन गेला. त्याचा टेप थंड होता.

नियम नकोत असं मी म्हणत नाही. वाघर हाही नियमच आहे. पण ती मेंढरांसाठी लावतात. मेंढरं कापून कुणी वाघरीच्या मापात बसवत नाही. खाने करायचेत तर करा, पण नाच आधी पाहा आणि मग खाना आखा. तुम्ही उलटं करता, आणि घाव आमच्यावर बसतो.

आता दिवस कलतोय. व्हरांड्यात पावलं वाजताहेत. बूट आहेत की चपला, कळत नाही. काहीतरी जड फरफटत आणताहेत. काचेची पेटी असेल. किंवा खुर्च्या असतील, पोरींचं ऐकून नाच बघायचं ठरलं असेल तर. माझं पान थरथरतंय.

कोणीही असा, माझं एक ऐका. काच आणली असेल तर परत न्या. काचेला चारही बाजू असतात, पण तिच्यात पोरी नसतात. आणि खुर्च्या आणल्या असतील, तर त्या एका रांगेत नका मांडू. मैदानात न्या, गोल मांडा, आणि तुम्हीही त्यात बसा. मला खाली काढा, थोडं शेका. अंधार पडायच्या आत रिंगण लावून घ्या.