शिवकामीबाईंच्या पोटातला खडा

मित्रांनो, मी एक जुना खडा आहे. कावेरीच्या पात्रात माझ्यासारखे पुष्कळ सापडतील, पण मला कोणी नदीतून वेचलेले नाही. कुंभकोणमच्या शिवकामीबाईंच्या गर्भाशयाच्या भिंतीत मी घट्ट रुतून बसलो आहे. इथे उजेड नाही, कूस बदलायला जागा नाही. बाहेरचे बोलणे तेवढे ऐकू येते.

आधी मी मऊ होतो. बाईंच्या तरुणपणी गर्भाशयाच्या स्नायूंत वाढलेली एक गाठ. अशा गाठी पुष्कळ बायकांना असतात. पुढे बाईंची पाळी थांबली, माझ्याकडे येणारे रक्त आटले आणि माझ्या आतल्या पेशी मरू लागल्या. त्या मेलेल्या जागी रक्तातले कॅल्शियमचे क्षार थरावर थर साचत गेले. मऊ होतो तेव्हा निदान थोडा दबत तरी होतो. आता तेही संपले. माझा पत्ता मात्र कोणालाच नव्हता.

१९५६ साली बाईंची कंबर दुखू लागली, म्हणून तंजावरला क्ष-किरणांचा फोटो काढला. त्यात मी उमटलो, पांढरा आणि तुतीच्या फळासारखा खडबडीत. घाईत असलेल्या एका डॉक्टरांनी सांगितले की गाठीत कॅल्शियम साचले आहे, चुन्यात असते तेच. आणि ते पुढच्या रोग्याकडे वळले.

तेवढ्यावर घरात निकाल लागला. नागवेलीची कोवळी पाने आणि त्यांवर बोटभर चुना, हा बाईंचा जेवणानंतरचा विडा. त्याच चुन्याचा पोटात दगड झाला, असे सगळ्यांनी ठरवले. थोरल्या नणंदेने, रुक्मिणीबाईंनी, चुन्याची डबी कुलपात ठेवली. मग पांढरे म्हणून दूध गेले, दही गेले, ताक गेले. त्यांच्या मनात वाईट नव्हते. खडा उपाशी राहिला की विरघळेल, असे त्यांना खरेच वाटे. नाही विरघळला तर पोट चिरून काढायचा, असे मुलाने, व्यंकोजीने ठरवले होते. बाईंची बहीण अशाच शस्त्रक्रियेत गेली होती. त्या धास्तीने बाई निमूटपणे चिंचेच्या पाण्यात भात कालवून खात राहिल्या. एकदाच म्हणाल्या, "अक्का, इडली पण पांढरीच. तीही कुलपात घाला."

"हास, वहिनी," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "दगड पोटात आणि थट्टा ओठांत."

मी आतून ओरडणार तरी कसा? मित्रांनो, हृदय आणि नसा चालायला रक्तात कॅल्शियम ठरलेल्या मापानेच लागते. ते जेवणातून आले नाही, तर शरीर हाडांतून काढून घेते. मी होतो तसाच राहिलो. झिजत होती ती हाडे, आणि मला तोंड नव्हते.

एके सकाळी आडाच्या काठावर पाय घसरला, बाईंनी हात टेकला आणि मनगट मोडले. गावातल्या डॉक्टर जयलक्ष्मींनी पट्टी बांधता बांधता विचारले की इतक्याशा पडण्याने हाड कसे मोडले, बाई खातात तरी काय. व्यंकोजीने पथ्याची सगळी हकिगत अभिमानाने सांगितली. डॉक्टरांचे हात थांबले. त्यांनी जुना फोटो मागवला, पोट तपासले. रक्त जाते का? नाही. पोट दुखते का? नाही.

"हा खडा म्हणजे विझलेल्या गाठीची राख आहे," त्या व्यंकोजीला म्हणाल्या. "जेवणातून आला नाही, उपासाने जाणार नाही. उपाशी राहिली ती तुमच्या आईची हाडे."

"म्हणजे चिरायचें नाही?" बाईंनी हळूच विचारले.

"नाही. विडा कमी करा, पण दातांसाठी. या खड्याच्या भीतीने नव्हे. पाळी थांबल्यानंतर कधी रक्त दिसले, तर मात्र त्याच दिवशी या. ते अंगावर काढायचे नाही."

वर्षभर आवळून धरलेले बाईंचे पोट सैल पडले. ते मला इथे आत जाणवले.

सगळे उठले. सोबत आलेल्या रुक्मिणीबाई मात्र उठल्या नाहीत. त्यांनी व्यंकोजीला बाहेर जायला सांगितले.  मग जमिनीकडे पाहत म्हणाल्या, "मला रक्त दिसतें. दिवाळीपासून. सांगणार कुणाला?"

शिवकामीबाईंनी आपल्या धड हाताने त्यांचा हात धरला. डॉक्टरांनी दार लावून घेतले.

मित्रांनो, मी इथून कधीच बाहेर येणार नाही, आणि येण्याची गरजही नाही. पण तुमच्या घरातल्या कुणा बाईने असे काही मनात कोंडून ठेवले असेल, तर अंदाजाने औषध शोधू नका. तिला आधी विचारा, आणि ती बोलेपर्यंत जवळ बसा.