फोन झाडायचा नाही

फोन माझा आहे, असं मी इतके दिवस समजत होते. माझा धाकटा भाऊ मेदेर रशियात लॉरीवर लागला आणि पहिल्या पगारात त्यानं तो मला घेऊन दिला. दुकानदार त्याला म्हणाला होता म्हणे, चौसष्ट जीबी आहे, जन्मभर भरायचा नाही. त्या बिचाऱ्याला आमची आपा कुठे माहीत होती!

आपा म्हणजे आमची आई. मेदेर एकदा लॉरी घेऊन निघाला की दिवसदिवस रेंज नसते. रेंज आली की तो थांब्यावरून व्हिडिओ पाठवतो. लिहून पाठवायचा त्याला कंटाळा, शाळेतही होता. आणि व्हिडिओत असतं काय? रस्ता. झाडं, रस्ता, बर्फ, परत रस्ता, आणि मागून मेदेरचं बेसूर गाणं. एकेक व्हिडिओ इतका लांब की बघता बघता चहा गार होतो, परत तापवून आणला तरी रस्ता चालूच. आपा रोज संध्याकाळी उशीला टेकते, माझा फोन घेते आणि ते रस्ते बघत बसते. सगळे. पहिल्यापासून.

बघू दे की, माझं काय जातंय? जात होती ती जागा. एकदा मी जुने रस्ते काढून टाकायला बसले, तर आपानं माझं मनगट धरलं.

"काय करतेस?"

"जागा करतेय. हे जुने झाले, पुसते."

"मेदेर आत्ता कुठे आहे?"

"असेल ओम्स्कच्या अलीकडे कुठेतरी."

"म्हणजे वाटेवर आहे. आणि तू त्याच्या वाटा पुसतेस?"

आता आमच्याकडे माणूस प्रवासाला निघाला की तो पोचेपर्यंत घर झाडत नाहीत, हे पोराटोरांनाही ठाऊक आहे. केर काढला तर त्याची वाट पुसली जाते. मीही पाळते. पण फोन?

"आपा, हा फोन आहे गं. घर नाही."

"त्यात माझं पोर राहतं. मग घर नाही तर काय गोठा आहे?"

झालं. आणि मेदेर तर लॉरीवाला, म्हणजे कायमचाच वाटेवर! घरापुरती आपानं सवलत काढली होती: तो कुठल्या गावात मुक्कामाला उतरला की चटकन झाडून घ्यायचं. फोनला सवलत नाही. मेदेर या उंबऱ्यात पाय ठेवेल त्या दिवशी फोन झाडायचा, त्याआधी नाही. मग मी काय करणार? स्वतःचं सामान बाहेर काढलं. माझ्या मैत्रिणी गेल्या, माझी गाणी गेली, इसिककूल तळ्याच्या काठावरचे माझे बारीक असतानाचे फोटो गेले. मी माझ्याच फोनमध्ये भाडेकरू झाले, आणि शेवटी घरमालकिणीनं तेवढंही ठेवलं नाही.

अशात साल्कीन चालायला लागली. साल्कीन म्हणजे मेदेरची मुलगी. ती पाळण्यात होती तेव्हा तो एकदाच येऊन गेला, तेव्हापासून तिला बाप माहीत आहे तो फोनमधला. मूल पहिली पावलं टाकायला लागलं की आमच्याकडे त्याच्या पायात काळ्यापांढऱ्या लोकरीची दोरी बांधतात. गावातल्या बायका लांबून धावत येतात, जी पहिली पोचेल ती दोरी कापते, आणि पोर मोकळं होतं. कापणारी चपळ तर पोर चपळ. मेदेरला शरदाआधी यायला मिळणार नव्हतं. मागच्या बोलण्यात तो एवढंच म्हणाला, "शाइर, मी जन्माच्या वेळी नव्हतो. पहिला दात मी पाहिला नाही. हे तरी मला नीट घेऊन पाठव. दोरी कापताना आणि नंतरची पावलं. तुटक नको, सगळं." त्याचा आवाज असा काही झाला की मी छातीवर हात मारून म्हटलं, "तू काळजीच करू नकोस!"

म्हटलं खरं. त्याच आठवड्यात त्याचा आणखी एक व्हिडिओ आला, तो उघडेचना. नुसता धुरकट चौकोन आणि मधे फिरणारा बाण. फोन म्हणाला, जागा नाही. मी म्हटलं, रस्ताच असेल, दुसरं काय असणार!

शनिवारी सकाळी अंगणात ही गर्दी. कणकेचे बोरसोक तळून सतरंजीवर ढीग घातलेले, चहाचा सामोवार धुमसतोय, घोडीच्या आंबट दुधाचे, कुमीसचे वाडगे फिरतायत. इसाबेक मामांनी आशीर्वाद द्यायला तोंड उघडलं आणि मी कॅमेरा सुरू केला. मामांचा आशीर्वाद म्हणजे थोरला कारभार. तो चालू असताना कोणी खोकत नाही, मग कॅमेरा बंद कोण करणार? मी उरलीसुरली जागा जीव मुठीत धरून राखली होती. मामांनी साल्कीनच्या पणतवंडांच्या घोड्यांना आशीर्वाद दिला, तेव्हाच ती संपली. फोन एकदा थरथरला आणि गप्प झाला. आणि दिलेला आशीर्वाद पुसायची छाती कोणाची?

साल्कीनच्या पायात दोरी बांधलेली, तिची आई नाझिक तिला काखेत धरून उभी, आणि तिकडे कालव्यापाशी म्हाताऱ्या झगे खोचून रांगेत. आमच्या गावात ही शर्यत आज्यांची. त्यात आमची आपा, आणि शेजारची कुलताय, जी गेली कितीतरी वर्षं कोणाला दोरी कापू देत नाही.

"थांबा!" मी ओरडले. "फोन भरला!"

"मग रिकामा कर!" कुलताय तिकडून ओरडली. "माझे गुडघे गरम आहेत तोवर पळू दे!"

मी नाझिककडे धावले. "नाझिक, तुझा फोन दे."

"माझाही भरलाय गं."

"कशानं?"

तिनं दाखवला. साल्कीन झोपलेली. साल्कीन झोपलेली. साल्कीन झोपलेली. बोट सरकवून सरकवून दुखलं, पोर काही उठेना.

"यातले थोडे काढ ना!"

"कुठले? हा बघ, यात अंगठा तोंडात आहे."

"आणि या पुढच्यात?"

"यात नाही ना! मग दोन्ही नकोत का?"

मी कपाळावर हात मारला. तिनं मोठं मन करून तीन काढले, आणि पुढच्या क्षणाला त्यातला एक परत आणला. इसाबेक मामांचा फोन बटणांचा. मग मी तशीच कालव्यापर्यंत पळत जाऊन कुलतायचा मागितला. तिच्या फोनमध्ये तिची गाय. चरताना, बसताना, मागून, पुढून.

"एवढी गाय कशाला, कुलताय एजे?"

"चोरीला गेली तर पोलिसांना दाखवायला."

"एक फोटो पुरत नाही?"

"आणि चोरानं तिला मागच्या बाजूनं नेली तर?"

मी मान डोलावली आणि परत पळत आले. बाकीच्यांचे फोन असेच भरलेले, नाहीतर घरी. लोक फिदीफिदी हसत होते. कोणी म्हणे फोन थोडा वेळ थंड पाण्यात धर, कोणी म्हणे उलटा करून झटक. बोरसोक संपत आले, मामांनी वेळ जाऊ नये म्हणून दुसरा आशीर्वाद सुरू केला, सूर्य डोक्यावर आला. माझ्या तोंडाला फेस. शेवटी मी आपापाशी गेले आणि हात जोडले.

"आपा, दोन रस्ते पुसू दे. दोनच! त्याच्यासाठीच तर करायचंय ना? पोरीची पावलं त्याला दाखवायला?"

आपानं फोन हातात घेतला. तिचा अंगठा एका रस्त्यावर जाऊन थांबला. तिचा चेहरा बघवेना.

"कुठला पुसू?" ती म्हणाली. "ह्यात पाऊस आहे. ह्यात तो शिंकतो. ह्या रस्त्यावर कोल्हा आडवा जातो, तेव्हा तो 'आई गं' म्हणतो. मला म्हणतो तो. नाही गं शाइर, मला नाही जमायचं. तो नीट घरी येऊ दे. व्हिडिओ नसला तर नसला."

मला रागही आला आणि रडूही. मेदेरला काय तोंड दाखवू? छातीवर हात मारलेला मी! पण फोन तिच्या हातातून ओढून घ्यायला माझा हात उठेना. तेवढ्यात कुलताय किंचाळली, "संध्याकाळ करता का आता?" आणि मामांनी रुमाल खाली टाकला.

म्हाताऱ्या सुटल्या! रबरी बूट थपाथप, डोक्याचे रुमाल उडतायत, एकीचा बूट कालव्यात, ती एकाच बुटावर. कुलताय पुढे, तिच्या खांद्याला खांदा लावून आपा, आणि आम्ही सगळे बोंबा मारतोय. मी सवयीनं भरलेला फोनच उंच धरून उभी, जणू तो काही घेणार होता.

आणि रस्त्यावर हॉर्न वाजला. एक लांब, मग दोन छोटे.

आपा जागच्या जागी वळली. तो हॉर्न तिनं रोज संध्याकाळी ऐकलेला होता, कितीतरी व्हिडिओंच्या शेवटी. ती साल्कीनकडे यायची सोडून थेट रस्त्याकडे पळत सुटली. आणि मागच्या सगळ्या म्हाताऱ्या, त्यांना वाटलं शर्यत तिकडेच आहे, तिच्या मागे वळल्या! कुलतायनं पाहिलं की आपण एकट्याच सरळ चाललोय. तिला वाटलं आपलंच चुकलं. ती गर्रकन फिरली, सगळ्यांना मागे टाकलं आणि सर्वांत आधी लॉरीपाशी पोचून ओरडली, "पोर कुठाय? दोरी कुठाय?"

लॉरीतून मेदेर उतरला. दाढी वाढलेली, शर्ट चुरगळलेला, आणि तोंडभर हसू.

"पोर तुमच्याकडे असायला हवं ना, कुलताय एजे?"

आपा पोचली ती त्याच्या छातीवर जाऊन आदळली. दोन्ही मुठींनी त्याला मारत राहिली, आणि तो "अगं, अगं" करत राहिला. नाझिक साल्कीनला घेऊन खिळून उभी. कुलताय मात्र तेवढ्यात भानावर आली, "अजून शर्यत संपलेली नाही!" म्हणून परत पळाली, आणि मग पुन्हा सगळ्या पळाल्या. मेदेर आपाचा हात धरून, आपा एका हातानं डोळे पुसत, सगळा गाव हसून गडबडा लोळायच्या बेतात. दोरी अर्थात कुलतायनंच कापली. तिला विचारा, अजून सांगते की त्या दिवशी ती एकाच शर्यतीत दोनदा जिंकली.

दोरी तुटली. मेदेर समोर गुडघ्यांवर बसला, हात पसरले. "साल्कीन! ये, ये."

साल्कीननं त्याच्याकडे पाहिलं. मग माझ्या हातातल्या फोनकडे पाहिलं. डुलत डुलत माझ्याकडे आली, काळ्या काचेवर हाताचा तळवा आपटला आणि आत वाकून बघितलं. आत कोणी नाही. तिनं मान वळवली, बापाकडे पाहिलं, परत काचेकडे. आणि मग एकदम, जणू चोर सापडला, अशी किंचाळली आणि सरळ त्याच्याकडे निघाली. मधे एकदा आपटली. उठली. त्याच्या दाढीला दोन्ही हातांनी धरून लोंबकळली. मेदेर हसतोय का रडतोय ते कळेना, मला माझंही कळत नव्हतं. कोणीही काही रेकॉर्ड केलं नाही. एकही फोटो नाही.

थोड्या वेळानं मेदेर मांस तोडता तोडता माझ्या कानाशी म्हणाला, "छान अडवून धरलीस हं शर्यत. मला वाटलं तुला जमायचं नाही."

मला कशातलं काही कळलं नाही. "मग! मी म्हणजे काय!" मी म्हटलं.

पाहुणे पांगले, सावल्या लांबल्या. आपा झाडू घेऊन आली आणि सगळं अंगण स्वतः झाडलं, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत, गुणगुणत. मग सतरंजीवर माझ्या शेजारी येऊन बसली.

"घे. आता फोन झाड."

"खरंच?"

"तो घरात आहे ना? मग झाड की!"

मी झाडला. बर्फाचे रस्ते गेले, चिखलाचे गेले, कोल्हा गेला. प्रत्येक रस्ता जाताना आपा बघत होती आणि मधूनच मान वळवून भिंतीकडे पाहत होती. तिथे मेदेर पडला होता, आणि साल्कीन त्याच्या पोटावर उभी राहून नव्या पायांची परीक्षा घेत होती. आणि जागा झाल्याबरोबर तो अडकलेला चौकोन गरगर फिरला आणि उघडला. रस्ता नव्हता. मेदेरचा चेहरा होता, लॉरीच्या काचेला टेकलेला, आवाज दाबलेला.

"शाइर, ऐक. आपल्या इकडच्या नारीनचा माल मिळालाय, शनिवारी दुपारी पोचतो. आपाला सांगू नकोस, नाझिकला तर मुळीच नाही. मी येईपर्यंत शर्यत होऊ देऊ नकोस, कसंही करून अडव. काही सुचलं नाही तर सांग, फोन भरलाय. तुझा भरलेलाच असतो!"

मेदेर कोपरावर उठून बसला. "थांब. म्हणजे तू हा बघितलाच नव्हतास?"

नाझिक आधी फुटली, मग मी, मग मेदेर, आणि साल्कीनला काही कळलं नाही तरी तीही. आम्ही पोट धरधरून हसलो. मी डोळे पुसत तोही व्हिडिओ काढायला बोट पुढे केलं, तर आपानं माझं मनगट धरलं.

"हा राहू दे," ती म्हणाली. "गुरुवारी परत निघायचंय त्याला."