आलिंग तिबांगचा नवस

आलिंग तिबांगची दाढ त्या शिबिरात उपटली गेली नाही. हे वाक्य तुम्ही वाचलेलं नाही. दाढ अजून जागेवर ठणकते आहे, शनिवारची सकाळ आहे आणि पुढे काय होणार ते कुणालाच ठाऊक नाही.

ठणकत होती म्हणजे कशी! आलिंग म्हणजे त्यांच्याकडची मावशी; तर या मावशीचा डावा गाल पपईसारखा फुगला होता. गावच्या संताचा उत्सव नऊ दिवसांवर आलेला, आणि डोक्यावर पेटता दिवा तोलून नाचायच्या नाचात दरवर्षीप्रमाणे पहिल्या रांगेत आलिंग तिबांगच. गालाच्या वजनाने तोल डावीकडे जाऊ लागला. तालमीत दिवा दोनदा पडला. एकदा वस्तीच्या कप्तानाच्या, म्हणजे निवडून आलेल्या प्रमुखाच्या, कुत्र्यावर.

आता एक गुपित. आलिंग तिबांगनी वस्तीला सांगितलेलं वय एकसष्ट होतं, खरं बहात्तर. सहा वर्षांपूर्वी शहरातल्या डॉक्टरांनी त्यांना हाडं ठिसूळ झाल्याचं सांगून आठवड्याची गोळी दिली होती. दर रविवारी सकाळी उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर घ्यायची. मग अर्धा तास आडवं व्हायचं नाही, खायचं नाही. बसलं तरी चालतं, पण आलिंग तिबांग कुठलीच गोष्ट अर्धवट करत नसत. त्या अंगणात झेंड्याच्या काठीसारख्या उभ्या राहत.

"हे काय गं?" शेजारच्या आलिंग सेलिंगनी कुंपणावरून विचारलं होतं.

"नवस," आलिंग तिबांग म्हणाल्या. गोळी म्हटलं की वयही बाहेर आलं असतं.

दोन वर्षांत अंगणात सहा बायका ग्लास घेऊन उभ्या राहू लागल्या. एकीची कंबरदुखी थांबली. एकीच्या मुलाला जहाजावर नोकरी लागली. नवस पावत होता!

तर शनिवारी बास्केटबॉलच्या मैदानावर फुकट दात काढण्याचं शिबिर होतं. फुकट म्हटलं की आपण नागरिक दुखणारा दात देतोच, वर त्याच्या शेजारचाही देऊन येतो. रांग रस्त्यापर्यंत गेली होती. अर्जात 'चालू औषधं' असा रकाना होता. आलिंग तिबांगनी लिहिलं, 'नाहीत'. हाडांची गोळी हाडांना, दाढेला काय त्याचं! शिवाय मागून आलिंग सेलिंग वाचत होत्या.

"आ करा, आजी," डॉक्टर लिगाया म्हणाली. वय असेल सव्वीस.

"आजी कुणाला म्हणतेस? एकसष्टची आहे मी!"

इंजेक्शन भरलं गेलं. चिमटा चमकला. आलिंग तिबांगनी खुर्चीचे हात घट्ट धरले. मैत्रिणीला धीर द्यायला आलिंग सेलिंग पुढे झाल्या.

"घाबरू नकोस गं! डॉक्टर, हिला काही होत नाही. सहा वर्षांचा नवस आहे हिचा. रविवारी उपाशीपोटी ग्लासभर साधं पाणी, मग अर्धा तास उभं राहायचं. आडवं होणं नाही, खाणं नाही. कॉफीसुद्धा नाही!"

डॉक्टर लिगायाने इंजेक्शन खाली ठेवलं.

"पाण्याबरोबर काही गिळायचं का?"

"गिळायचं असतं?" आलिंग सेलिंग चमकल्या. "आम्हाला नाही सांगितलं!"

डॉक्टर खुर्चीवर वाकली. "आजी, कुठल्या संताचा नवस हा?"

मग आलिंग तिबांग पुटपुटल्या, "सत्तर मिलिग्रॅमचा."

"गोळी!" मैदान दणाणलं. "म्हणजे आम्ही चार वर्षं नुसतंच पाणी प्यायलो?"

"ऐका!" डॉक्टर लिगाया ओरडली. "गोळी चांगली आहे, हाड मोडू देत नाही. पण वर्षानुवर्षं घेतलेल्या माणसाची दाढ उपटली, तर क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. उघडं पडतं, चिघळतं, महिनोन्महिने छळतं. क्वचितच, हं. पण मला माहीतच नसेल तर काळजी कशी घेऊ?"

"मग गोळ्या समुद्रात टाकते!"

"आणि पडून खुबा मोडला तर समुद्र येणार का उचलायला? मनाने गोळी सोडायची नाही. तुमच्या डॉक्टरांशी मी बोलते. आज सूज उतरवायचं औषध देते. मग दवाखान्यात या, मुळाचा उपचार, म्हणजे रूट कॅनाल, करून हीच दाढ वाचते का बघू."

"पण नाच..." आलिंग तिबांगचा आवाज एवढासा झाला. "ठिसूळ हाडांची म्हातारी म्हणून कप्तान मला मागे बसवेल."

"आणि जबडा चिघळला, तर पुढे उभं राहून हसणार कशाने?"

आलिंग तिबांगनी अर्ज परत मागितला. 'नाहीत' खोडलं, गोळीचं नाव लिहिलं. पेन हातात होतंच, म्हणून वयही दुरुस्त केलं. बहात्तर! रांगेतून टाळ्या पडल्या. आणि मग चमत्कार! जो तो पिशवी उघडू लागला. रक्त पातळ करायच्या गोळ्या, साखरेच्या, दाबाच्या. एका आजोबांनी शेजाऱ्याच्या गोळ्या काढून टेबलावर ठेवल्या. साडेदहापर्यंत एकही दात निघाला नाही.

नऊ दिवसांनी आलिंग तिबांग पहिल्या रांगेत नाचल्या, सपाट चपला घालून, डॉक्टरांच्या परवानगीने आणि स्वतःच्या दाढेसह. कप्तानाने हरकत घेतली नाही. त्याने फक्त कुत्रा बांधून ठेवला.

नागरिकहो, हाडांची गोळी सुरू करण्याआधी दात दाखवून घ्या, आणि दात काढण्याआधी गोळी सांगा. वय लपवायचं तर लपवा, पण डॉक्टरपासून नाही. तोंड आणि हाडं एकाच माणसाची असतात!

वस्तीच्या कार्यालयात आता एक अर्ज पडून आहे. मजकूर असा: 'आम्ही खाली सह्या करणाऱ्या सहा महिला विनंती करतो, की गेली चार वर्षं दर रविवारी अर्धा तास विनागोळी उभं राहिल्याबद्दल प्रत्येकीचे एकशे चार तास पुण्यात जमा करावेत, ते शक्य नसल्यास तेवढे तास बसायला परत मिळावेत, सोबत कॉफी.'