आमचे मेकॅनिक

धाकट्याचा फोन आला तेव्हा दादा एका गाडीखाली आडवा झाला होता. लांबलचक स्क्रूड्रायव्हरचं टोक बेअरिंगला आणि मूठ कानाला लावून तो ऐकत होता. ही त्याची जुनी सवय. गाडीचं दुखणं तो यंत्राआधी कानाने ओळखायचा, म्हणून गिऱ्हाइकांनी त्याचं नाव कानसेन ठेवलं होतं. घरात मात्र तो दादाच. धाकट्याचा दादा, म्हणून धाकट्याच्या बायकोचाही दादा.

धाकट्याचं गाडं दोन गाड्यांवर येऊन अडलं होतं. दोन्ही छोट्या एसयूव्ही, दोन्ही भारी, आणि दोन्हींच्या कंपन्या एकमेकींच्या जन्माच्या वैरी. त्याला एकीतली लाल आवडली होती, बायकोला दुसरीतली राखाडी. तीन आठवडे घरात दुसरा विषय नव्हता. शेवटी बायकोनेच तोडगा काढला होता, की दादांना विचारू आणि ते म्हणतील ती घेऊ.

"तू म्हणशील ती," धाकटा फोनवर म्हणाला. "शनिवारी दोन्ही शोरूम करू."

दादाने फोन ठेवला आणि तो गाडीखालून बाहेर आला, पण काम पुढे नेण्याआधी थोडा वेळ तसाच स्टुलावर बसून राहिला. त्याला बरं वाटलं होतं. त्याने धाकट्यासाठी त्याग वगैरे काही केला नव्हता. शाळा सोडली ती स्वतःच्या मर्जीने, इंजिनाच्या वेडापायी. धाकट्याच्या शिक्षणाचा भार वडिलांनी उचलला. पुढे धाकट्याने लिफ्ट बसवायची कंपनी काढली आणि ती बघता बघता मोठी झाली. दोघांत देणंघेणं असं काही नव्हतं, तंटाही नव्हता. फक्त गेल्या कित्येक वर्षांत धाकट्याने त्याला कशाबद्दल काही विचारलं नव्हतं.

मग आठवडाभर कानसेन त्याच नादात होता. दोन्ही कंपन्यांच्या वर्कशॉपमध्ये काम करणारे ओळखीचे लोक गाठून कुठल्या गाडीचं काय बिघडतं, सुटा भाग यायला किती दिवस लागतात, हे त्याने खोदून खोदून विचारलं. शनिवारी सकाळी त्याने नखं आधी रॉकेलने आणि मग साबणाने घासली. बायकोने इस्त्री करून ठेवलेला क्रीम रंगाचा शर्ट घातला. ती म्हणालीसुद्धा, मुलगी बघायला निघाल्यासारखे निघालात.

पहिल्या शोरूममध्ये राखाडी होती. दादाने ती आधी बाहेरून बघितली, मग खाली वाकून बघितली, मग चालवली. पाठीमागे भावजय आणि धाकटा, शेजारी शोरूमचा माणूस. गाडी शहाणी होती. पेडलवर पाय जेवढा पडेल तेवढीच पुढे जायची, ब्रेक हळूहळू घट्ट व्हायचा, वळणावर अंग टाकायची नाही. थाटमाट म्हणाल तर बेताचाच, आणि डॅशबोर्डवरचा पडदा लालपेक्षा लहान. धाकट्याने तेवढंच बोलून दाखवलं. भावजयीनेही एक फेरी मारली. तिचा चेहरा बघून दादाला हसू आलं. तिला गाडी चालवायला त्यानेच शिकवलं होतं, बंद पडलेल्या कारखान्यामागच्या मोकळ्या जागेत, आपल्या जुन्या लहान गाडीवर. त्यामुळे तिचा पाय त्याला पाठ होता. ती आधी घाबरत घाबरत पेडल दाबायची आणि गाडी हलली नाही की एकदम जोर द्यायची. खूप सांगूनही ती खोड गेली नव्हती. राखाडी गाडीने ती खोड पोटात घातली. ब्रेकवरून पाय काढला की पेडल दाबायच्या आधीच ती हळूच हलत होती.

लाल गाडीची शोरूम मोठी होती. काचेच्या भिंती, पांढरी फरशी, आणि सगळीकडे असा वास की माणसाने आवाज खाली आणावा. इथे धाकट्याला एक ओळखीचा बिल्डर भेटला. तोही गाडी बघायलाच आला होता. दोघं मॅनेजरच्या टेबलाशी गप्पा मारत बसले, भावजयही तिथेच माहितीपत्रक चाळत बसली, म्हणून दादा एकटाच शोरूमच्या माणसाला घेऊन चक्कर मारायला गेला.

रिकाम्या रस्त्यावर गाडी सुसाट होती, नाव ठेवायला जागा नव्हती. पण पुढे सिग्नलपाशी गर्दी लागली आणि दादाचे कान टवकारले. गाडी हळू करून पुन्हा पेडल दाबलं की गिअरबॉक्स क्षणभर विचारात पडायचा. काहीच घडायचं नाही. आणि मग सगळं एकदम अंगावर घेतल्यासारखी गाडी उसळी मारायची. दादाने तीनदा करून बघितलं, तीनदा तेच. सराईत माणूस चार दिवसांत सांभाळून घेईल, पण भावजयीच्या पायाखाली ही गाडी म्हणजे विचारायलाच नको. ती दाबणार, गाडी हलणार नाही, ती जोराने दाबणार, आणि नेमकी तेव्हा गाडी जागी होणार. ती ज्या तपासणीच्या लॅबमध्ये कामाला होती तिथलं पार्किंग तळघरात, चढाचं आणि खांबाखांबांचं होतं, हेही त्याला माहीत होतं. परत येताना काय बोलायचं ते त्याने ठरवून टाकलं. डोळे झाकून राखाडी घे.

तो टेबलाशी पोचला तेव्हा मॅनेजरने मान वर करून त्याच्याकडे, मग त्याच्या हातांकडे पाहिलं. रॉकेल आणि साबणालाही न जुमानणारा काळा रंग नखांच्या कडेला होताच.

"हे कोण?" मॅनेजरने धाकट्याला विचारलं.

धाकट्याने एकदा बिल्डरकडे बघितलं. "आमचे मेकॅनिक," तो म्हणाला. "गाड्यांमधलं यांना सगळं कळतं."

भावजयीने वर पाहिलं. क्षणभर तिची आणि दादाची नजरानजर झाली, आणि मग तिने हातातल्या माहितीपत्रकाचं पान उलटलं.

मॅनेजर अदबीने हसला. टेबलाशी चौथी खुर्ची रिकामी होती. तरी त्याने दादाला दाराजवळचा बाक दाखवला आणि म्हणाला की तुम्ही तिकडे बसा, तिथे चहा मिळेल. बाकावर दोन ड्रायव्हर आपापल्या साहेबांची वाट बघत बसले होते. दादाने धाकट्याकडे पाहिलं. धाकटा बिल्डरला मोबाईलवर कसलासा फोटो दाखवत होता. दादा बाकावर जाऊन बसला. एका ड्रायव्हरने सरकून जागा दिली आणि विचारलं, कुणाकडे आहात?  दादाने कागदी कपातला चहा हातात घेतला आणि तो थंड होईपर्यंत तसाच धरून बसला.

एवढंच झालं होतं. कुणी शिवी दिली नव्हती, हाकललं नव्हतं. पण त्याच्या कानशिलांत कोंडलेल्या वाफेसारखं काहीतरी वाजत होतं, आणि चांगल्या घातलेल्या शर्टाची त्याला लाज वाटत होती.

दहा मिनिटांनी त्याला बोलावणं आलं. तो टेबलाशी जाऊन उभा राहिला. बसायला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी तो बसला नसता.

"हं, बोल," धाकटा म्हणाला. "तुझं काय मत?"

दादाने दोन्ही हात मागे बांधले. "साहेब," तो म्हणाला, "दोन्ही गाड्या चांगल्या आहेत. तुम्हाला आवडेल ती घ्या."

धाकट्याचे कान लालभडक झाले. साहेब, तुम्ही, घ्या. सख्ख्या भावाने उभ्या जन्मात त्याला अशी हाक मारली नव्हती. बिल्डरला त्यात काही खटकलं नाही. तो म्हणाला, मग प्रश्नच मिटला, लाल घे. भावजय दादाकडे बघत राहिली. तिच्या कपाळावर आठी होती, जणू तो अजून काहीतरी बोलेल याची ती वाट बघत होती. दादाने नजर खाली केली.

घरी परतताना धाकट्याने गाडीत सारवासारव केली. मेकॅनिक म्हटलं की हे लोक वचकून असतात, भाऊ म्हटलं असतं तर गोड बोलून गुंडाळलं असतं, असं तो म्हणाला. कदाचित ते खरंही असेल. दादा नुसता हं म्हणाला. आठवड्याच्या आत लाल गाडी धाकट्याच्या दारात आली.

त्या आठवड्यात दादाने भावजयीला फोन लावायला मोबाईल किती वेळा हातात घेतला असेल, त्याला गणती नव्हती. दोन वाक्यांचं काम होतं. प्रत्येक वेळी तो बाक आठवायचा आणि त्याचा अंगठा थांबायचा. भोगू दे लेकाला, असं तो मनाशी म्हणायचा. लेक म्हणजे धाकटा. पण धाकटा फक्त रविवारी हौसेला गाडी काढायचा, रोज ती चालवणार होती भावजय, हे त्याला चांगलं ठाऊक होतं. ठाऊक असूनही तो विचार तो शिताफीने टाळत राहिला.

दोन महिने गेले. एके दुपारी लाल गाडी गॅरेजच्या दारात येऊन उभी राहिली. पुढचा बंपर एका बाजूने फाटून लोंबत होता, दिवा फुटला होता. भावजय उतरली. तिने दार लावलं, पण हात दारावरच ठेवून ती उभी राहिली.

काय झालं ते तिने थोडक्यात सांगितलं. लॅबच्या तळघरात चढावर पुढची गाडी थांबली म्हणून ती थांबली. मग पेडल दाबलं तर गाडी हलेना. अजून दाबलं, आणि गाडी सुटली ती थेट खांबावर. खांबाशी वॉचमन उभा होता. त्याने बाजूला उडी मारली म्हणून वाचला, पण पडला आणि मनगट मोडलं. साठीला आलेला माणूस. ती त्याला घेऊन दवाखान्यात गेली, प्लॅस्टर होईपर्यंत बसली. तिलाच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता, की मॅडम, तुम्ही रडू नका.

"घरी काय म्हणाला तो?" दादाने विचारलं.

"म्हणाले, तुला जमत नाही तर चालवायची कशाला. किल्ली काढून घेतली. आज दुरुस्तीला न्यायची म्हणून मागून आणली."

दादा खाली वाकला आणि लोंबणारा बंपर उगीचच हाताने जागेवर बसवायला लागला. क्लिपा तुटल्या होत्या, तो बसणार नव्हता.

"दादा," ती म्हणाली. "खरं सांगा. त्या दिवशी तुम्ही चालवलीत तेव्हा हे तुम्हाला कळलं होतं?"

नाही म्हणणं सोपं होतं. गाडीत मागून दोष निघाला असंही म्हणता आलं असतं. पण ही बाई आपल्याच हाताखाली शिकलेली, आणि तिने विचारलं होतं म्हणजे तिला उत्तर माहीत होतं.

"कळलं होतं," तो म्हणाला.

"मग?"

दोन महिने त्याने या प्रश्नाचं उत्तर मनात घोळवलं होतं. त्यात बाक होता, ड्रायव्हर होते, कागदी कप होता. आता बोलायला गेला तर त्यातलं एवढंच बाहेर आलं. "त्याने मला मेकॅनिक म्हटलं."

भावजयीने दारावरचा हात काढला. "ते त्यांनी म्हटलं, दादा. गाडी मी चालवणार होते."

दादाने हातातला बंपर सोडून दिला.

"मीही तिथे तोंड उघडलं नाही, हे मला माहितीये," ती म्हणाली. "रोज आठवतं. पण मी घाबरून गप्प बसले. तुम्ही ठरवून गप्प बसलात."

तिने किल्ली बॉनेटवर ठेवली आणि ती चालत बस थांब्याकडे गेली. सोडायला येऊ का, हे विचारायचं त्याच्या जिभेवर होतं, पण विचारायला तोंड उरलं नव्हतं.

गाडी त्याने स्वतः दुरुस्त केली, कुणाला हात लावू दिला नाही. नवा बंपर, नवा दिवा, रंगाची छटा तर अशी जुळवली की कंपनीवाल्यालाही ओळखू येऊ नये. चार दिवसांनी धाकटा न्यायला आला. गाडीभोवती फिरून त्याने वाहवा केली. मग म्हणाला, की आता ड्रायव्हर ठेवणार आहे, हिच्या हाती गाडी देण्यात अर्थ नाही.

"चूक तिची नाही," दादा म्हणाला. "गाडीची आहे. हळू चालताना गिअरबॉक्स अडखळतो आणि मग उसळतो. मला त्याच दिवशी कळलं होतं."

"तूच तर म्हणालास दोन्ही चांगल्या आहेत."

"खोटं बोललो."

धाकटा त्याच्याकडे बघत राहिला. दादाला वाटलं, आता हा चिडेल, का म्हणून विचारेल, आणि मग तो बाक, ती रिकामी खुर्ची, सगळं एकदाचं बोलून होईल. तो भांडायला तयार होता. भांडण व्हावं असंच त्याला वाटत होतं.

पण धाकटा हसला. पुढे येऊन त्याने दादाच्या खांद्यावर हात ठेवला. "असू दे. तिची बाजू घ्यायला बघतोयस, कळतं मला. गाड्यांच्या बाबतीत तू कधी खोटं बोलला आहेस का?" आणि किल्ली घेऊन तो गाडीत बसला. निघताना काच खाली करून म्हणाला, रविवारी जेवायला ये.

आठवडाभराने एका संध्याकाळी दादाने भावजयीला फोन लावला. पहिले दोन तिने उचलले नाहीत. तिसरा उचलला तेव्हा मागे बसचा आवाज येत होता. ड्रायव्हरची गाडी तिने नाकारली होती. आता दोन बस बदलून ती लॅबला जायची.

"मी त्याला खरं सांगितलं," दादा म्हणाला. "सगळं माझ्यावर घेतलं."

"हो, बोलले ते मला," ती म्हणाली. "म्हणाले, दादाचं मन मोठं आहे. तुझ्यासाठी खोटं बोलला."

"मग तू काय म्हणालीस?"

"काही नाही," ती म्हणाली. "माझा थांबा आला, ठेवते."