जाळीचं कापड

लंब्या दुकानात शिरला तो वाकूनच. माणूस इतका उंच की दाराची चौकट कपाळाला लागावी, आणि छातीशी दोन्ही हातांनी धरलेली एक काळी जड पेटी. ती त्याने कापायच्या टेबलावर ठेवली, कंबर सरळ केली आणि दुकानाचा मालक असलेल्या सीटवाल्याकडे न बघता, मागे फोनवर बोलत असलेल्या त्याच्या बायकोला म्हणाला, "ओळखलंस का?"

बायकोने फोन कानावरून खाली घेतला. पलीकडचा माणूस अजून बोलतच होता.

"अरे लंब्या!" ती म्हणाली.

सीटवाल्याची कात्री जागच्या जागी थांबली. चोवीस वर्षांच्या संसारात त्याच्या वाट्याला 'अहो' आलं होतं. भांडणातसुद्धा 'अहो'. आणि हा कोण कुठला टपकला, त्याला पहिल्याच शब्दाला 'अरे'!

सीटवाला गाड्यांच्या सीटा, सोफे, दवाखान्यातली बाकं, असं जे जे फाटलं ते नव्याने मढवायचा. हात असा की जोड शोधायला भिंग लागावं. बायको लग्नाआधी एका बँडमध्ये गायची हे त्याला माहीत होतं, पण तेवढंच. "कॉलेजात गायचे थोडंफार," असं ती पहिल्या भेटीत म्हणाली होती, आणि कुणी 'मला लहानपणी पोहता यायचं' म्हटल्यावर आपण हलवतो तशी त्याने मान हलवली होती. त्या 'थोडंफार'मध्ये एवढा लांबलचक माणूस दडून बसला असेल, हे त्याच्या ध्यानीमनीही नव्हतं.

पेटी म्हणजे बास गिटारचा आवाज मोठा करणारा जुना अँप होता. रेक्झिन जागोजागी उडालेलं, कोपऱ्यांचे पत्रे गंजलेले, वरची मूठ एका बाजूने तुटून लोंबत होती.

"आवाजाला हात लावायचा नाही," लंब्या म्हणाला. "आवाज अजून असा आहे की खिडक्या थरथरतात. फक्त रूप सुधारायचं. तीन आठवड्यांनी, रविवारी, आमचा जुना बँड परत एकदा वाजवतोय."

सीटवाल्याने पेटी फिरवून पाहिली. समोर स्पीकरवर ताणलेल्या जाळीच्या कापडाला खालच्या बाजूला दोन भोकं होती, वीतभर अंतरावर.

"हे काय, उंदरांनी खाल्लं?"

"उंदीर कसले! ही हिच्या टाचांची करामत," लंब्या हसत म्हणाला. "सरावाला सगळीकडे जागा असायची, पण ही बसणार या अँपवरच. आणि टाचांनी ताल धरणार. सांगून सांगून थकलो."

बायको लाजल्यासारखी हसली. सीटवाल्याने त्या दोन भोकांमधलं अंतर उगाच टेपने मोजलं.

"आणि तूही गाणार आहेस. दोन गाणी तरी," लंब्या तिला म्हणाला.

"वेडा आहेस का? आवाज कुठे राहिलाय आता!"

पण ती 'नाही' म्हणाली नव्हती. सीटवाल्याने ते बरोबर टिपलं.

दुसऱ्या दिवशी लंब्या एका मेकॅनिकला घेऊन आला, आतलं यंत्र आणि स्पीकर काढून नेले, आणि रिकामी पेटी तेवढी उरली. सीटवाला कामाला लागला. बटणं साबणाच्या पाण्यात टाकून जुन्या ब्रशने घासली, पत्र्यांचा गंज उतरवला. बाजूचं रेक्झिन गरम हवेच्या झोताने सैल करून अलगद सोलून काढलं. वरच्या बाजूचं मात्र बसून बसून गुळगुळीत झालं होतं. त्यावर हात फिरवताना त्याला काय झालं कोण जाणे, त्याने गरम हवा लावलीच नाही. टोक पकडलं आणि खस्सकन ओढलं. त्याबरोबर प्लायवूडचा तळहाताएवढा पापुद्रा उचकटून आला. मग बसला दोन दिवस त्या खड्ड्यात लांबी भरत, वाळवत, पॉलिशपेपर मारत. स्वतःच्या हाताने स्वतःला लावून घेतलेलं काम, बोलणार कुणाला?

बायको गुरुवारी सरावाला जाऊ लागली. परत यायची तेव्हा चेहरा खुललेला. भाजी चिरताना गुणगुणायची आणि हा आला की गप्प व्हायची.

"कसं झालं?" तो विचारायचा.

"ठीक."

त्या 'ठीक'मध्ये एक हसू दाबलेलं असायचं. ते हसू त्याला दिवसभर कुसळासारखं बोचायचं. दुकानात कुणी गिऱ्हाईक उंच असलं तरी आता त्याच्या कपाळाला आठी पडायची.

नवीन रेक्झिन चढलं. घड्या कोपऱ्यांवर नीट बसल्या, जोड तळाशी गेला. राहिलं जाळीचं कापड. काळं, बारीक रुपेरी रेघांचं, खास मागवलेलं. ते शेवटच्या आठवड्यात, बुधवारी आलं तेव्हा बायको दुकानात नव्हती. त्याने गुंडाळी उलगडून पाहिली. कापड सुरेख होतं. त्याने ते पुन्हा गुंडाळलं आणि फोमच्या थप्पीमागे सारलं. का, ते त्याला धड सांगता आलं नसतं. कापड नाही तर अँप नाही, अँप नाही तर कदाचित रविवारच नाही, असलं काहीतरी पोरकट त्याच्या डोक्यात होतं.

"कापड आलं का?" गुरुवारी बायकोने विचारलं.

"नाही अजून."

शुक्रवारी तिने पुन्हा विचारलं.

"तो फोनच उचलत नाही," सीटवाला म्हणाला आणि उगाच शिलाईमशीनमध्ये तेल घालू लागला.

शनिवारी सकाळी ती आली आणि पिशवीही खाली न ठेवता उभी राहिली. "मी केला फोन त्या कापडवाल्याला. पहिल्याच घंटीला उचलला."

मशीनला आणखी तेल घालण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"फोमच्या मागे आहे," तो म्हणाला.

"का?"

"तुला माहीत आहे."

"नाही. चोवीस वर्षं मी तुमच्या मनातलं ओळखतच आलेय. आज बोलून दाखवा."

त्याने मान वर केली नाही. "त्याचं आणि तुझं काही होतं?"

"त्याचं नव्हतं. माझं होतं," ती शांतपणे म्हणाली. "वर्षभर त्या पेटीवर जाऊन बसायचे. 'टाचा आवर' यापलीकडे त्या गाढवाला काही सुचलं नाही. मग आपलं लग्न झालं."

हे ऐकून त्याला हायसं वाटायला हवं होतं. उलट आग जास्तच भडकली. वर्षभर! त्याच्यासाठी कुणी कधी तासभर तरी असं बसलं होतं का?

"आणि आता?"

"आता त्याचे गुडघे दुखतात आणि तो सगळ्यांना औषधांची नावं सांगतो. मला गायला आवडतंय, एवढंच."

"मग घरी गा ना."

शब्द तोंडातून निसटला. बायकोने पिशवी दुसऱ्या हातात घेतली.

"घरी कोण ऐकतं?" ती म्हणाली आणि निघून गेली.

सीटवाल्याने कापड काढलं. चौकटीवर अंथरलं आणि रागारागाने पिना ठोकत सुटला. संपल्यावर चौकट उभी करून पाहिली. रुपेरी रेघा एका बाजूला कलल्या होत्या. फार नाही, दोरा-दोन दोऱ्यांचा फरक. सभागृहात कुणाच्या बापाला कळलं नसतं. त्या लंब्याच्या मागे जन्मभर तिरकी जाळी राहील, ही कल्पना त्याला गोडही वाटली. चौकट हातात घेऊन तो बराच वेळ उभा होता. मग त्याने पक्कड उचलली आणि एकेक पीन उपटून काढली. सत्तर तरी असतील. कापड पुन्हा ताणलं, या वेळी मधून कडेकडे, रेघेला रेघ लावून.

दुपारी पत्रे, मूठ, बटणं बसवली. अँप कालच कारखान्यातून आल्यासारखा दिसत होता. तो इतका देखणा झालाय याचाही त्याला राग आला.

लंब्या यंत्र बसवायला आला. पेटीभोवती फिरला, वाकून बघितलं. "जोड कुठे आहे?"

"शोध," सीटवाला म्हणाला.

लंब्याला सापडला नाही.

रविवारी संध्याकाळी शाळेचं सभागृह बऱ्यापैकी भरलं होतं. सीटवाला मधल्या रांगेत कडेला बसला. तिसऱ्या गाण्याला बायको पुढे आली. तिचा आवाज त्याला वाटलं होतं त्यापेक्षा खालचा निघाला, जाड, थोडा खरखरीत. दुसऱ्या कडव्याला तिने डोळे मिटले आणि तिचा चेहरा असा झाला की सीटवाला पुढे सरकून बघू लागला. हा चेहरा त्याने कधीच पाहिला नव्हता.

"काय गातेय ही बाई!" शेजारचा माणूस म्हणाला.

'माझी बायको आहे' असं सांगायला तो वळला, पण शेजाऱ्याची नजर तिच्यावरून हलत नव्हती. इतके दिवस तो एका लंब्यावर जळत होता. आता त्याला या शेजाऱ्याचा, पुढच्या रांगेतल्या म्हातारीचा, अख्ख्या सभागृहाचा हेवा वाटत होता. त्यांना हे पहिल्याच फटक्यात मिळालं होतं.

कार्यक्रम संपल्यावर लंब्याने आणि त्याने मिळून अँप गाडीपर्यंत उचलून नेला.

"एक सांगू?" लंब्या धापा टाकत म्हणाला. "तिने गाणं सोडलं तेव्हा आम्ही समजलो, नवऱ्याने बंद केलं. लई शिव्या घातल्यात तुला."

"मी नाही बंद केलं."

"ते तीही म्हणाली. म्हणाली, बंद कर असं ते कधी म्हणाले नाहीत. गा, असंही म्हणाले नाहीत."

अँप हातातून निसटतोय असं वाटून सीटवाल्याने पकड बदलली.

घरी ती दोघं चालतच निघाली. दोन चौक मागे पडले.

"पुढच्या गुरुवारी सराव आहे?" त्याने विचारलं.

"आहे. दर महिन्याला वाजवायचं म्हणतायत सगळे."

"जा." मग त्याला ते बरोबर वाटलं नाही. "म्हणजे, परवानगी वगैरे नाही देत मी. गा, असं म्हणतोय."

तिची चाल थोडी मंदावली. "तुम्ही याल?"

"येईन. पण आधीच सांगून ठेवतो, मी कोपऱ्यात बसून जळणार."

"जळा की," ती म्हणाली, "पण ऐका."