उमापुरातल्या अठरा बाटल्या

सत्त्याण्णव सालचा दसरा होऊन आठवडा झाला होता. ऊसतोडीच्या टोळ्या निघायला लागल्या होत्या आणि उमापुरात कल्याणरावांच्या औषधाच्या दुकानापुढं सकाळपासून बायांची रीघ होती. सहा महिने कारखान्यावर काढायचे म्हणून त्या पोरांसाठी तापाचं औषध आधीच घेऊन ठेवत.

गल्ल्यामागं कल्याणरावांची पुतणी शिवांजली होती. बी.फार्म. झाल्यावर ती पुण्याला एका संस्थेच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाला गेली होती. चांगलं औषध जगात कोणाला मिळतं, कोणाला मिळत नाही आणि का, हे तिथं औषधनिर्मात्यांना शिकवत. शेवटचे चार महिने आपापल्या भागात काम करायचं, म्हणून ती गावी आली होती. "ह्यानं दुकान कसं चालणार?" असं काकांनी दोनदा विचारून झालं होतं.

तेवढ्यात मंगल आपल्या तीन वर्षांच्या स्वप्नालीला खांद्यावर टाकून आली.

"ताई, ताप गेला, पर पोरगी लई उलट्या करायलीय. पोट दुखतंय म्हणती."

शिवांजलीनं पोरीचं तोंड वर केलं. डोळ्यांखाली सूज होती.

"लघवीला कधी गेलती?"

मंगल आठवत राहिली. "काल सकाळपसून न्हाई. पाणी तर पितीय की."

शिवांजलीला पुण्याचा वर्ग आठवला. हैती नावाच्या देशात आदल्या वर्षी तापाचं गोड औषध पिऊन कितीतरी मुलं मेली होती. औषध ज्या गोड द्रवात कालवतात त्याच्या पिंपातच विषारी द्रव होता आणि पहिलं लक्षण एकच, लघवी बंद. वर्गात शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या होत्या, "श्रीमंत देशात पिंप उघडून तपासतात. गरिबाच्या वाट्याला आलेल्या पिंपावरची फक्त चिठ्ठी वाचतात."

"काय पाजलंस हिला?"

"तुमच्याच हितलं. ते गुलाबी."

पंधरा दिवसांपूर्वी एका नव्या, स्वस्त कंपनीचा माणूस ते खोकं देऊन गेला होता. शिवांजलीनं आपला संशय एका कागदावर लिहिला, कागद मंगलच्या हातात दिला आणि जीप करून दोघींना औरंगाबादच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. "आधी हा कागद डॉक्टरला दाखव. बाकी मग."

मग तिनं खोकं ओढलं. चोवीसपैकी सहा बाटल्या उरल्या होत्या.

"काका, अठरा गेल्या. सगळ्या परत आणाव्या लागतील."

मागच्या घरातून कल्याणराव दार लोटून आत आले. "येका पोरीवरनं? तपासून आलंय का काही?"

"तपासायला महिना लागल."

"आणि तुझं चुकलं तर? गावात तोंड दाखवायला जागा ऱ्हाईल का?"

आपलं चुकलं असेल याची तिला भीती वाटत होती, आणि चुकलं नसेल याची त्याहून जास्त. तिनं उरलेल्या सहा बाटल्या उचलून कुलपात ठेवल्या. कल्याणरावांनी कपाळाचं भस्म घामासकट पुसलं, चपला घातल्या आणि बाहेर गेले.

थोड्या वेळानं बाजाराची दवंडी देणाऱ्या रिक्षाच्या भोंग्यातून त्यांचा आवाज आला. "मी कल्याणराव मेडिकलवाला बोलतोय. माझ्या दुकानातलं गुलाबी औषध पोरांना पाजू नका. इख असू शकतं. आसल तसं परत आणा."

दुपारपर्यंत मंगलच्या घरची धरून चौदा बाटल्या आल्या. त्यातल्या आणखी दोन फोडून पोरांना पाजलेल्या होत्या. ती दोन्ही पोरंही औरंगाबादला गेली. उरलेल्या चार बाटल्या मुकादम शहादेवच्या टोळीतल्या बायांबरोबर सकाळीच निघाल्या होत्या.

काका-पुतणीनं दुसरी जीप करून पाठलाग केला. गेवराईच्या पुढं एका विहिरीवर ट्रॅक्टर थांबले होते. शिवांजली एकेका ट्रॉलीवर चढली, बोचकी सोडली, पत्र्याच्या पेट्या उपसल्या. तीन बाटल्या मिळाल्या. चौथी साखराबाईच्या पिशवीत होती, निम्मी संपलेली. म्हातारीच्या मांडीवर वर्षाचा नातू निपचित पडला होता.

"कधीपसून झोपलाय?"

"सकाळपसून. लई दिसांनी गप निजलाय बिचारा. कावून?"

शिवांजलीनं त्याच्या तळव्याला चिमटा घेतला. काही नाही. पुन्हा घेतला, जोरात. शहादेव ओरडला, "ओ बाई, पोराला मारता का काय?" सगळी टोळी भोवती जमली. पोर हललं, तोंड वाकडं केलं आणि भोकाड पसरलं. पाठोपाठ साखराबाईचं लुगडं भिजलं.

"मुतला की गं!" म्हातारी वैतागली.

शिवांजली ट्रॉलीतल्या उसाच्या पाचटावरच बसली आणि हुंदके देऊन रडली. त्यालाही त्यांनी जीपमधून नेलं. चार दिवस दवाखान्यात राहून तो बरा झाला. आधीची दोन पोरंही वाचली.

स्वप्नाली पाचव्या दिवशी गेली.

सहा आठवड्यांनी सरकारी प्रयोगशाळेचा कागद आला. विषच होतं. त्यानंतर एका सकाळी मंगल दुकानात आली. कल्याणराव उठून उभे राहिले. तिनं त्यांच्याकडं पाहिलंच नाही.

"ताई, ती बाटली कुणी दिलती मला? नीट ध्यानात न्हाई."

शिवांजलीला पळून जावंसं वाटलं. "मी दिलती," ती म्हणाली.

मंगल पायरीवर बसली. मग ती म्हणाली, "तुमच्या पुण्याच्या शाळंत हे सांगा. तिचं नाव घालून सांगा."

जानेवारीत शिवांजली पुण्याला गेली. वर्गापुढं उभं राहून तिनं आपला कागद उघडला. पहिल्या ओळीत तिनं पोरीचं नाव, वय आणि गाव लिहिलं होतं.