आदांचा खिसा

लेई शेंगफूंच्या घरी नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी येणाऱ्या पाहुण्याला आधी खारा चहा मिळायचा, मग उकडलेलं मटण आणि मटणाबरोबर लेकीचं कौतुक. मटण नको म्हणायची सोय होती, कौतुक नको म्हणायची नव्हती.

“हे बघ!” शेंगफू, म्हणजे युएलिंगचे वडील, तिचे आदा, म्हणाले. खालून विस्तव घातलेल्या मातीच्या ओट्यावर, कांगवर, ते ऐसपैस मांडी घालून बसले होते आणि हातात बोटाएवढी काळी वाफेची सिगारेट होती. “माझ्या युएलिंगने केलीय. तिकडे शेनझेनच्या कारखान्यात. बाजारातल्या सगळ्या मेल्या गळतात. ही? एक थेंब नाही!”

“तू म्हणतोस तर नसेल,” शेजारचे बाओ काका म्हणाले आणि हाडावरचं मांस सोलायला लागले. त्यांनाही आदांनी तसलीच एक भेट दिली होती.

युएलिंग वाट्यांत चहा ओतत होती. तिला बरं वाटलं. लहानपणी तिच्या शाळेच्या निकालावर ‘ठीक आहे’ एवढंच म्हणणारा हा माणूस आता पाव्हण्यारावळ्यांपुढे तिच्या नावाने छाती फुगवत होता. कुणाला बरं वाटणार नाही?

वाफेच्या सिगारेटचं सगळं दुखणं गळतीचं. वर टाकी, टाकीत वाफ होणारा रस. कारखान्यात त्याला सगळे तेलच म्हणत. खाली तेल शोषणारा सच्छिद्र मातीचा गाभा आणि गाभ्यात तापणारी तार. टाकीत हवा शिरायची वाट रुंद ठेवली तर तेल गळतं, अरुंद ठेवली तर गाभा कोरडा पडतो आणि ओढणाऱ्याला जळका ठसका लागतो. या दोन्हींच्या मध्ये युएलिंगचं वर्ष गेलं होतं. शेवटी तिने गाभ्याखाली कापसाची एक चकती बसवली. हवा उपसलेल्या पेटीत, पांढऱ्या कागदावर नग उभे करून ठेवले आणि बाहेर काढले, तर कागद कोरा! गळती थांबली नव्हती, कापूस ती पिऊन टाकत होता. युएलिंगला हे कळत होतं. पण कागद कोरा निघाल्यावर कापसाला कोण विचारत बसतो?

कारखान्याचा एक रिवाज होता. नवा नमुना आधी ज्याच्या त्याच्या घरी जायचा. कुणाचा मेहुणा, कुणाचा सासरा महिना-दोन महिने ओढून बघायचा आणि काय ते सांगायचा. युएलिंगने आपल्या नमुन्याचे दोन नग आदांना पाठवले, कारण त्यांचा खोकला ऐकवत नव्हता आणि सिगारेट सुटत नव्हती. लेकीखातर त्यांनी साधी सिगारेट सोडली. मग फोनवर आपला आवाज भरून पाठवला आणि कारखान्यातल्या तिच्या ख्वांग साहेबांनी तो भर बैठकीत मोठ्याने लावला: “एक थेंब नाही, साहेब! लेक कुणाची आहे?” सगळे हसले आणि नमुना पास झाला. सुट्टी संपली की साचे कापायला घ्यायचे होते आणि मग नग लाखांनी निघणार होते.

“अगं, हे काय आणलंस?” तिच्या आईने, आमाने, हाक मारली. युएलिंगने शेनझेनहून आणलेली वेफर्सची पाकिटं तिच्या हातात होती, टम्म फुगलेली. “फुटतील की आता.”

“आमा, दरवर्षी फुगतात. इथे उंचावर हवा विरळ ना, मग आतली हवा...”

तिचं वाक्य तिथेच राहिलं. गाडी इकडे घराकडे, छिंगहाईचा चढ चढायला लागली की पाकिटं फुगतात, यावर डब्यातले सगळे हसतात आणि तीही दरवर्षी हसत आली होती. हवा टाकीतही होती. कारखान्यातल्या पेटीत नग थोडा वेळ राहायचे. इथे त्यांना अख्खा हिवाळा काढायचा होता, अंगणात हाडं गोठवणारी थंडी आणि आत तापलेला कांग. आतबाहेर केलं की दर वेळी टाकीतली हवा फुगणार, दर वेळी तेल खाली ढकलणार. आणि कापूस पिऊन पिऊन किती पिईल?

तिने आदांकडे पाहिलं. त्यांनी खोकला आल्यासारखी मान भिंतीकडे वळवली, बाहीतून रुमाल काढला, सिगारेटचं बूड पुसलं, ओठ पुसले आणि रुमाल परत सरकवला. फार सवयीचा हात होता तो.

ती उठून आतल्या खोलीत गेली. खुंटीवर त्यांचा रोजचा जाड कोट होता. आतल्या खिशात तिने हात घातला तो चिकट झाला. खिशात कापसाची जाड घडी शिवलेली होती. टाके आमाचे. कापूस तपकिरी पडला होता आणि त्याला तेलाचा गोडसर वास होता. तिचीच चकती, नुसती मोठी केलेली. घडीच्या खाली, छातीच्या बाजूला, कोटाला जळून भोक पडलं होतं.

“ठेव ते तिथं,” दारातून आमा म्हणाली.

“कधीपासून गळतेय?”

“पहिल्या दिवसापासून. मी म्हटलं पोरीला सांगा. तर म्हणाले, ती वर्षभर मरमर राबलीय, मी कसं सांगू?”

“आणि हे भोक?”

आमाने एप्रनचं टोक चुरगळलं. “दुपारी कोट घालूनच आडवे झाले होते. खिशातच होती, ओढत कुणी नव्हतं. आपणहून दिवा लागला आणि तापत गेली. फोड आला केवढा. तुला सांगायचं नाही म्हणून मला शपथ घातली.”

युएलिंगने कोट उलटा करून भोक पाहिलं. ओढणाऱ्याच्या श्वासावर चालू होणारी कळ तळाशी असते. तिच्यावर तेल गेलं की तिला वाटतं कुणीतरी ओढतंय. हे तिला आमापेक्षा जास्त कळत होतं, आणि तरीही आमाला आधी कळलं होतं. तिला स्वतःची लाज वाटली, चीड आली. आदांचा त्याहून जास्त राग आला आणि त्या रागाचीही लाज वाटली. तेवढ्यात एक घाणेरडा विचारही येऊन गेला: कुणाला माहीत आहे? आदा बोलणार नाहीत, आमा बोलणार नाही. चकती थोडी जाड केली की झालं.

मग तिला दुसऱ्या कुठल्यातरी गावातली, अशीच भाजलेली एक छाती डोळ्यांसमोर दिसली आणि तिने फोन लावला.

“साहेब, नव्या वर्षाच्या शुभेच्छा. साचे कापू नका. गळतंय.”

ख्वांग साहेब जेवत असावेत. “सणाच्या दिवशी काय अभद्र बोलतेस? तुझ्या वडिलांनीच सांगितलंय ना? त्यांचा आवाज आहे माझ्याकडे. एवढ्या उंचावर ओढणारे असे किती? आणि बोलायचंच होतं तर माझी ऑर्डर पक्की व्हायच्या आधी बोलायचं. आता नमुना मागे घेतलास तर माझ्याकडे तुझ्यासाठी टेबल नाही, सांगून ठेवतो.”

दाराचा पडदा बाजूला झाला. आदा उभे होते. त्यांनी कोट पाहिला, लेकीचं तोंड पाहिलं.

“दे इकडे.”

“आदा, नको. पाहुणे आहेत.”

“आहेत तर आहेत.” त्यांनी फोन घेतला आणि सरळ कांगपाशी येऊन उभे राहिले. आवाज त्यांना हळू काढताच येत नसे. “साहेब, मी लेई शेंगफू. तो आवाज माझाच, पण खोटा. पहिल्या दिवसापासून गळतेय. मला भाजलंय. चित्र दिसतं ना यात? मग बघा.”

त्यांनी सदऱ्याची बटणं काढली. गुलाबी, आक्रसलेली कातडी सगळ्या पाहुण्यांनी पाहिली. कुणी हाड खाली ठेवलं, कुणी वाटी.

पलीकडे भांडी बाजूला सारल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, “साचे थांबवतो. तिचं काय ते सुट्टीनंतर बघू,” आणि फोन बंद झाला.

आदा कांगच्या काठावर टेकले. एवढा वेळ ताठ होते, आता एकदम म्हातारे दिसायला लागले. “तोंडघशी पाडलं मी तुला,” ते म्हणाले.

“नाही, आदा.” तिने त्यांची बटणं लावून दिली.

बाओ काकांनी खिशात हात घातला. आधी एक रुमाल निघाला, मग रुमालात गुंडाळलेली ती काळी सिगारेट. त्यांनी ती मटणाच्या ताटाशेजारी उभी केली. बुडाभोवती तेल जमलं.

“माझीही गळते रे,” ते म्हणाले. “तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही.”

कुणी हसलं नाही. मग, माणूस माणसाची समजूत घालतो तसं, काकांनी आपल्या पाकिटातली साधी सिगारेट काढली आणि दोन्ही हातांनी आदांपुढे धरली. आदांनी लेकीकडे पाहिलं. नको म्हणावं, तर त्याऐवजी द्यायला तिच्याजवळ आता दुसरं काहीच नव्हतं. आदा खोकले, खूप वेळ खोकले. मग त्यांनी सिगारेट घेतली आणि न पेटवता कानामागे खोचून ठेवली.